पुढच्या दोन दातांमधली फट

दुकान विकत घ्यायला आलेल्या माणसाच्या तोंडात अठ्ठावीस दात होते आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस एकाच वयाचे होते. माणूस पंचावन्नचा, दात फार तर दोन वर्षांचे. जिना चढून आल्यावर दारातच तो हसला, तेव्हा कुणीतरी तोंडावर टॉर्च मारल्यासारखं झालं तिला. तिने मनातल्या मनात त्याचं नाव लखलख ठेवलं आणि बसायला स्टूल पुढे केलं. स्टुलावर प्लास्टरची धूळ होती. ती तिने मुद्दामच पुसली नाही.

"वा! काय वातावरण आहे हो," लखलख म्हणाला.

वातावरण म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून लांबलचक टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि इतक्या वर्षांत कोपरांनी झिजून खोलगट झालेल्या दोन जागा, एक वडिलांची, एक तिची. मागच्या खोलीत साचे उकळायचं पातेलं, पॉलिशचं यंत्र आणि भिंतभर फळ्यांवर पुठ्ठ्याचे खोके. एका खोक्यात एक माणूस: त्याच्या वरच्या-खालच्या हिरड्या प्लास्टरमध्ये, आणि त्याला करून दिलेल्या कवळीचा एक छाप. चाळीस वर्षांतली तोंडं होती ती. त्यातली निम्मीअधिक माणसं आता राहिली नव्हती, हिरड्या मात्र नंबरवार लावलेल्या होत्या.

तिचे वडील कवळ्या बनवत. बाजारात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, दातवाले म्हणत. आणि तिला दातवाल्यांची मुलगी. दातवाल्यांना जाऊन पाच महिने झाले होते, ती स्वतः एक्कावन्न वर्षांची होती आणि अजूनही दातवाल्यांची मुलगीच होती.

लखलखच्या बारा लॅब होत्या. तिथे संगणकावर तोंडाचं चित्र येई आणि एक यंत्र पांढऱ्या ठोकळ्यातून चाळीस मिनिटांत दात कोरून काढी. हे त्याने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना चाळीसची अडतीस झाली होती.

"मॅडम, स्पष्ट बोलतो. तुम्ही पुष्कळ केलंत. आता या वयात आराम करायचा."

"कुठल्या वयात?"

"म्हणजे... फिरायचं वय आहे तुमचं."

"कुठे फिरू?"

तो पुन्हा हसला. नंतर त्याने कागद पुढे केला. आकडा चांगला होता. तिला त्याचाच राग आला. वाईट असता तर तिथल्या तिथे वाटेला लावता आलं असतं त्याला.

त्याला जागा सोडून बाकी सगळं हवं होतं. यंत्रं, पाटी, काम पाठवणाऱ्या डॉक्टरांची यादी, आणि सगळे खोके. शिवाय पुढची पाच वर्षं तिने हे काम कुठेही करायचं नाही, अशी अट.

"खोके कशाला?" तिने विचारलं.

"वारसा आहे मॅडम! आमच्या मुख्य ऑफिसात काचेची भिंत करायचीय. आत हे सगळे मांडायचे. मागून दिवे."

"हिरड्यांना दिवे?"

"निळे," लखलख म्हणाला.

पुढच्या सोमवारी सही करायला येतो, म्हणून तो उठला. पँटच्या मागे पांढरा गोल उमटला होता. तिने सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी धाकटा भाऊ आला. त्याला या जागेतला वास कधीच सोसला नव्हता. सासरच्यांना तो वर्षानुवर्षं "बाबांचा छोटा कारखाना आहे" असं सांगत आला होता, आणि वडील गेल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याला कारखान्याविषयी मतं सुचू लागली होती. दुकान वडिलांनी तिच्या नावे केलेलं असल्याने त्याच्याकडे मतांखेरीज काही नव्हतं. तो दारातच रुमाल नाकाशी धरून उभा राहिला.

"ताई, विचार कसला करतेयस? सही करून मोकळी हो. आमची मागची खोली रिकामीच आहे. आरामात राहा. पोरांनाही आत्या मिळेल."

"पोरांना आत्या मिळेल, की तुला पोरं सांभाळायला बाई?"

"तुझं हे असंच. चांगलं सांगायला जावं..."

"चांगलं सांगायला इतक्या लांबून आलास. रुमाल तरी काढ."

त्याने रुमाल काढला, एकदा श्वास घेतला आणि पुन्हा लावला. वडिलांच्या घशात शेवटपर्यंत हीच धूळ होती. ह्याला पाच मिनिटं झेपत नव्हती. पण तो गेल्यावर ती खिडकीशी बसून राहिली. तिला स्वतःशी खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं असं होतं की धाकट्याचं म्हणणं तिला पटलं होतं. फक्त ते धाकट्याच्या तोंडून आलं म्हणून गिळवत नव्हतं. उजवा खांदा रोज सकाळी वर यायला नकार देई. डॉक्टर फोनवर निरोप टाकत: उद्यापर्यंत हवी, सगळ्यात पांढरा रंग, सरळ रांग. बाथरूमच्या फरशा मागवाव्यात तसे दात मागवायचे. आणि ज्यांच्या तोंडात ते जायचे, ते आरशात बघून म्हणायचे, अजून थोडे पांढरे नाही का मिळणार? पंचवीस वर्षं ती अशा लोकांची तोंडं भरत आली होती. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सोडल्या, तर ज्याच्यासाठी हात झिजवावेत असा एक माणूस तिला त्या यादीत सापडला नाही. सोमवारी सही करायची, असं तिने ठरवून टाकलं.

वडिलांची रीत वेगळी होती. कवळी करायच्या आधी ते गिऱ्हाइकाला म्हणत, "दात होते तेव्हाचा फोटो आणा. हसतानाचा." लोक लग्नातले फोटो आणत, सहलीतले आणत, काही जण ओळखपत्रावरचा तोंड मिटलेला आणत, त्यांना ते परत पाठवत. मग भिंग लावून फोटो बघायचा, आणि समोरच्याशी अर्धा अर्धा तास गप्पा छाटायच्या. तोवर खरं काम ती करत बसे. शेवटी ते मेणात दात रोवायला घेत आणि एखादा दात किंचित वळवत, एखाद्याचा कोपरा घासत, सुळ्याला जरासा पिवळेपणा देत. लोक भडकत. पैसे मोजून वाकडा दात? वडील म्हणत, "आठ दिवस घाला. नाही आवडला तर सरळ करून देतो, फुकट." चाळीस वर्षांत तीन माणसं परत आली.

आणि काम करताना ते शीळ घालत. एकच चाल, तीही अर्धवट. दीड ओळ झाली की पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी दुपारी जिन्यावर काठी वाजली. बऱ्याच वेळाने एक म्हातारी दारात उभी राहिली. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले, डोळे मात्र कुणाची उसनवारी न केलेले. तिने न विचारताच वडिलांच्या स्टुलावर बसून घेतलं, पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला आणि झाकण उघडून टेबलावर पालथा केला. तीन कवळ्या बाहेर पडल्या. तिन्ही एकसारख्या, पांढऱ्याफटक, सरळ.

"ही माझ्या मुलाची कर्तबगारी," म्हातारी म्हणाली. "सोमवारी आला होता ना तुझ्याकडे? दात चमकवत?"

"तुम्ही त्यांच्या आई?"

"इलाज नाही. अठरा वर्षं तुझ्या बापाचे दात घातले मी. गेल्या वर्षी हातातून निसटून फरशीवर पडले, दोन तुकडे. तर हा म्हणाला, आई, चाळीस मिनिटांत करून देतो."

"अडतीस."

"दिले करून. पहिली घातली तर शेजारीण म्हणाली, कुणाकडे आलात? दुसरी घातली तर मला बोलताना वाटायचं, दुसरंच कुणीतरी उत्तर देतंय. तिसरी मी घातलीच नाही. तेव्हापासून तो तुझ्या दुकानामागे लागलाय."

"वारसा म्हणाले."

"कसला वारसा! माझा साचा हवाय त्याला. बारा लॅबचा मालक, माझ्या आईचे दात मला जमले नाहीत, तुमच्याकडचा खोका द्या, असं म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून अख्खं दुकान घेतोय. गाढव."

ती हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच, आणि हसण्यात दया वगैरे काही नव्हती. हिरड्यांमागे निळे दिवे लावायला निघालेला माणूस आईच्या तीन कवळ्या लपवत फिरतोय, हे तिला फार आवडलं. तिने उठून म्हातारीचा खोका काढला. छापात वरच्या रांगेत डावीकडचा दुसरा दात शेजाऱ्यावर चढलेला स्पष्ट दिसत होता.

"हाच!" म्हातारीने त्यावर बोट ठेवलं. "या दातावरून माझ्या नवऱ्याने जन्मभर तोंडसुख घेतलं. तुझ्या बापाने फोटोतून बरोब्बर उचलला. मोठा कारागीर." तिने खोलीभर नजर फिरवली. "इथे कसं मुकं मुकं झालंय. त्याची ती शीळ नाही ना."

"ती आधीच बंद झाली होती. वय झालं होतं."

"वय कसलं? शेवटचा भेटला तेव्हा मी विचारलं त्याला, शीळ कुठे गेली रे तुझी? तर म्हणाला, मुलीने छान दात करून दिलेत, त्यातून वारा जात नाही."

म्हातारी तीन कवळ्या पुन्हा डब्यात भरू लागली. दातवाल्यांची मुलगी खोक्याचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली.

चार वर्षांपूर्वी वडिलांचे उरलेले दात काढले, तेव्हा त्यांनी आपला तरुणपणचा फोटो तिच्यापुढे ठेवला होता. पुढच्या दोन दातांमध्ये फट. "फट राहू दे," ते म्हणाले होते. एकदाच. ती म्हणाली, "दातवाल्यांच्याच तोंडात फट? गिऱ्हाईक काय म्हणेल?" हे सांगायचं कारण झालं. खरं कारण असं, की एकाच टेबलाशी बसून दोन दशकं ती दीड ओळ ऐकून तिचे कान किटले होते. तिने मेणात ते दोन दात एकमेकांना चिकटवून बसवले. सुंदर काम झालं. वडिलांनी आत जीभ फिरवली, आरशात बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "उत्तम बसलीय."

तिने ती शाबासकी समजून घेतली होती. जो माणूस गिऱ्हाइकाला म्हणे, नीट बसणं हे तर बुटालाही जमतं, त्याची शाबासकी! अनोळखी माणसालाही मिळणारी आठ दिवसांची मुदत तिने त्यांना दिली नव्हती. ते चार वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी दातांनी जेवले, बोलले, आणि टेबलाशी गप्प बसून काम करत राहिले. तिला ती शांतता बरी वाटली होती. दवाखान्याने चष्मा, घड्याळ आणि कवळी एका पिशवीत घालून तिच्या हातात दिली, ती पिशवी खालच्या खणात होती.

"काय गं?" म्हातारीने विचारलं. "करतेस ना माझे?"

"करते," ती म्हणाली.

हिरड्या अठरा वर्षांत झिजल्या होत्या, म्हणून नवं माप हवं होतं. ते समोरच्या डॉक्टरीणबाईंनी तासाभरात घेऊन दिलं. दातांची मांडणी तिने वडिलांच्या छापावरून केली, भिंग लावून, केसाचाही फरक न ठेवता. शनिवारी म्हातारीने मेणावर रोवलेले दात तोंडात घालून बघितले. आरसा जवळ घेतला, लांब धरला.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? आजी, तुमचाच छाप आहे."

"असेल. पण ही अठरा वर्षांपूर्वीची बाई आहे. हिला भांडायला नवरा होता. गाल होते हिला. आता माझ्या तोंडात ही कशाला घुसलीय?"

तिचा पारा चढला. अवघडलेला हात, दुखरा खांदा, आणि वर ही मिजास. मुलगा तसा आई, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "तू लगेच चाकू घेऊन बसतेस. तुझा बाप आधी अर्धा तास नुसत्या गप्पा मारायचा. मला वाटायचं, कामचुकार आहे मेला."

तिलाही तसंच वाटायचं. पंचवीस वर्षं. ते गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गोष्टी करत आणि ती दात ओठ खाऊन पॉलिश करत असे, की घरात एकाने तरी काम करायला हवं. त्या गप्पांत ते काय करत होते, हे बघायला तिने कधी मान वर केली नव्हती. आणि आत्ता तिने जे करून ठेवलं होतं, ते लखलखच्या यंत्राने अडतीस मिनिटांत केलं असतं. तिला दीड दिवस लागला होता, एवढाच काय तो फरक.

तिने चाकू खाली ठेवला. दिवा विझवला.

"नवरा काय म्हणायचा त्या दातावरून?" तिने विचारलं.

म्हातारी सुटलीच. तिने नवऱ्याचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, मुलगा लहानपणी दात घासायला रडायचा हे सांगितलं. ती बघत राहिली. म्हातारी आता डाव्या बाजूनेच हसत होती, उजवा ओठ जागचा हलत नव्हता. "स" म्हणताना जीभ वर न जाता पुढे येत होती. रागावली की खालचा जबडा पुढे काढत होती, आणि तिला रागवायला आवडत होतं. पाऊण तासाने तिने दिवा पुन्हा पेटवला. वरचे दात थोडे आखूड केले, कडा घासल्या, उजवी बाजू जराशी खाली घेतली. चढलेला दात तिने अर्धाच चढवला. छापाकडे बघितलं नाही.

पुन्हा घालून बघताना म्हातारीने आरसा लांब धरलाच नाही. एकदा बघितलं आणि उलटा ठेवून दिला.

"हं," ती म्हणाली. "आता मी घरी जाते."

सोमवारी लखलख कागद घेऊन आला, बरोबर वकील. या वेळी स्टूल रिकामं नव्हतं. त्यावर त्याची आई बसली होती, नवी कवळी घालून.

"काय रे," ती म्हणाली, "ओळखलंस का?"

लखलखचं तोंड मिटलं. ते दातवाल्यांच्या मुलीने पहिल्यांदाच मिटलेलं बघितलं, आणि क्षणभर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो आईपुढे वाकला, तिच्या गालाला हात लावायला गेला आणि थांबला. "आई," एवढंच म्हणाला. वकील खिडकीबाहेर बघू लागला. तिला वाटलं, याच्याविषयी आपण काहीतरी चुकलो असू.

मग लखलख सरळ झाला आणि म्हणाला, "खोका नंबर काय होता?"

तिला एकदम हायसं वाटलं.

"सगळेच खोके तुमचे," ती म्हणाली. "पाटी, यंत्रं, डॉक्टरांची यादी, सगळं घ्या. एक अट तेवढी खोडा. पाच वर्षांची."

लखलखने तिच्याकडे, टेबलाकडे, स्पिरिटच्या दिव्याकडे बघितलं आणि खो खो हसला. "मॅडम, इथे बसून तुम्ही महिन्याला किती करणार? चार?"

"दोन."

"खोडा हो," तो वकिलाला म्हणाला. त्याच्या आवाजात तिच्याविषयी जी तुच्छता होती ती तिच्या चांगल्या ओळखीची होती. गेले आठ दिवस ती तीच त्याच्यावर खर्च करत होती. त्याची मात्र आज तिच्या कामी आली.

म्हातारी जिना उतरताना थांबली. "एवढं सगळं देऊन टाकलंस त्याला?"

"त्याने मागितलं ते दिलं."

"गाढव," म्हातारी म्हणाली, आणि काठी टेकत उतरली. कुणाला म्हणाली, ते कळलं नाही.

रात्रीपर्यंत थांबायला धाकट्याला धीर नव्हता, दुपारीच फोन आला. "झाली सही? छान! मग कधी येतेस राहायला?"

"येत नाही. काम आहे."

"कसलं काम? सगळं विकलंस ना?"

"विकायचं होतं ते विकलं."

"ताई, मला काही कळत नाही."

"ते माहितीये मला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बुधवारी माणसं येऊन खोके घेऊन गेली. यादीप्रमाणे मोजले तेव्हा एक कमी भरला, चार वर्षांपूर्वीच्या नंबरचा. मोजणाऱ्याने दोनदा हाक मारून विचारलं. तिने सांगितलं, तो रिकामा होता, टाकून दिला. टेबल कुणी मागितलं नव्हतं, ते खिडकीशी तसंच राहिलं, दोन खळग्यांसकट.

ती वडिलांच्या बाजूच्या खळग्यात कोपर टेकून बसली. खालच्या खणातली पिशवी काढली, चष्मा आणि घड्याळ बाजूला ठेवलं, न दिलेल्या त्या खोक्यातला वडिलांचा फोटो दिव्याला टेकवून उभा केला. कवळी डाव्या हातात घेतली आणि केसाएवढं बारीक पातं असलेली करवत पुढच्या दोन दातांच्या मधोमध लावली. तेव्हा चिकटवून बसवताना तिने काम इतकं सफाईने केलं होतं की सांधा भिंगाशिवाय दिसेना. मग पात्याने एक बाजू जरा घासली, फोटो बघितला, दुसरी बाजू घासली, कडा कापडाने पुसल्या.

ती उठून नळाशी गेली आणि कवळी धारेखाली धरली. दोन दातांमधून पाण्याची एक बारीक रेघ सरळ खाली पडत राहिली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. काम पाच मिनिटांचं होतं.